भांडेवाल्या अक्कांचा फोन

स्टीलचं कोणतंही भांडं गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी अक्का एक काम करायच्या. शेजारच्या डब्यात दोन बोटं बुडवायच्या आणि चिमूटभर साखर त्या भांड्यात टाकायच्या. पेला असो, परात असो, की लेकीच्या लग्नात द्यायचा मोठा हंडा असो. हंड्याच्या तळाशी ती साखर दिसायचीसुद्धा नाही. गिऱ्हाईक हसलं की म्हणायच्या, "रिकामं भांडं कोन देस व माय?"

तुम्हीही अशी दुकानं पाहिली आहेत. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर उतरंडीसारखी रचलेली भांडी, मधोमध बसलेली बाई, आणि तिच्या गुडघ्याजवळ बॅटरीवर चालणारं नाव टाकायचं मशीन. पाहिली असतील, पण थांबला नसाल. मीही थांबले नसते. मला थांबवलं ते माझ्याच कागदानं.

सोनगीरच्या बाजारात मी पत्रकं वाटत होते. वस्त्यांवरच्या शाळा बंद करू नका, असा मजकूर होता. खाली माझं नाव आणि फोन नंबर. मी धुळ्याची. आमच्या घरात पाहुण्यांपेक्षा पत्रकं जास्त. माझे वडील, आबा, छापखान्यात खिळे जुळवायचे आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची पत्रकं छापून एसटी स्टँडवर वाटायचे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या चुकलेल्या प्रुफांवर. 'निषेध' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी लिहिता यायचा. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, पत्रकाला उत्तर येतं का? ते म्हणाले, "पत्रक म्हणजे विहिरीत टाकलेला दगड. खालून आवाज आला की समजायचं, पाणी आहे." आवाज आला का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

तर त्या दिवशी बाजारातून परत फिरताना पाहते, तर ही बाई माझ्या पत्रकांत पेले गुंडाळत होती. एक पेला, एक पत्रक. अगदी शिस्तीत.

मी तडकले. "मावशी, ते वाचायला दिलंय."

"वाचं ना मी," त्या म्हणाल्या. "चांगलं शे. कागदबी जाड शे."

"मग गुंडाळता कशाला?"

"हाऊ पेला आते डोंगरवर जाई. तू जानार व्हतीस का तठे?"

मी जाणार नव्हते. तिथं बस क्वचितच जाते, आणि माझ्याकडे स्कूटीत भरायला पेट्रोलही नव्हतं. अक्कांनी पेला खाली ठेवला, मला बसायला पोतं सरकवलं आणि विचारलं, "च्या लेशी?" तेव्हापासून मी त्या ताडपत्रीच्या कडेला बसू लागले. आज सोनगीर, उद्या नरडाणा, परवा दोंडाईचा. बाजार बदलायचा, पोतं तेच.

भांड्यांच्या ढिगात एका तपेलीत त्यांचा फोन असायचा. काच तडकलेला, मागे रबर लावलेला. तपेलीत ठेवला की आवाज घुमतो, मोठा येतो, म्हणून तिथं. त्या फोनला कंपनीचं कार्ड होतं की नाही, मला शंका आहे. त्यावरून त्यांनी कुणाला फोन लावल्याचं मी फारसं पाहिलं नाही. पण त्या तपेलीभोवती जितकी गर्दी असायची, तितकी बाजारात फक्त वडेवाल्याकडे असायची.

त्याचं कारण आहे. दोंडाईच्याच्या पुढे टेकड्यांच्या पोटात ज्या वस्त्या आहेत, तिथं रेंज पाहुण्यासारखी येते. एका वस्तीत ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळते, दुसऱ्या वस्तीत चिंचेच्या एका ठरावीक फांदीखाली. वीज गेली की टॉवरही डोळे मिटतो. देश खेड्यापाड्यांत जोडला गेला असं ज्या फलकावर लिहिलं आहे, त्या फलकाखाली उभं राहून मी स्वतः फोन लावून पाहिला आहे. लागत नाही. फोन मात्र प्रत्येक घरात आहे. गाणी आहेत, फोटो आहेत, सांगायचं पुष्कळ आहे, पाठवायला वाट नाही.

ती वाट अक्कांच्या ताडपत्रीवरून जायची. बाई भांडं घेते, नाव टाकायला देते. मशीन घर्रर्र चालतं, नाव उमटायला वेळ लागतो. तेवढ्यात तिचा फोन अक्कांच्या फोनशेजारी ठेवायचा. ब्लूटूथनं म्हणा, शेअर करायच्या ॲपनं म्हणा, या फोनातलं त्या फोनात जातं. इंटरनेट लागत नाही. कानबाईच्या उत्सवातली गाणी, बाळंतिणीला काय द्यायचं ते, कपाशीवरच्या बोंडअळीचं, कुणाच्या हळदीचा नाच. बाई घरी गेली की तिच्याकडून शेजारणीकडे, शेजारणीकडून दूधवाल्याकडे. जिथं दोन फोन जवळ येतील, तिथं पुढे सरकतं. आणि पुढच्या बाजारी अक्का दुसऱ्या गावात, दुसऱ्या बायांच्या मध्ये.

पण एक कायदा होता. घ्यायचं तर द्यायचं. साखरेचाच कायदा.

"गानं लेस ना? मंग तूबी काही टाक. रिकामं नको धाडू."

लोक काय काय द्यायचे! कुणी वासराचा फोटो दिला. कुणी बाजरी पाखडतानाचा आवाज दिला. एका मास्तरांनी पाढे म्हणून दिले, आणि ते पाढे कुणीच घेतले नाहीत, तरी अक्कांनी ठेवले. एक जण सिनेमा घेऊन गेला आणि बदल्यात स्वतःची नवी मोटरसायकल चालू करतानाचा फटफटाट देऊन गेला. मी म्हटलं, हे काय देणं झालं? अक्का म्हणाल्या, "त्याना घरमा सध्या तेच मोठं शे."

एकदा एक म्हातारे आले. नातवासाठी गाणी हवी होती. फोन नातवाचाच, हातात उलटा धरलेला. अक्कांनी गाणी टाकली आणि तपेलीकडे बोट दाखवलं.

"मन्हाजोडे काय शे देवाले?" म्हातारे म्हणाले.

"बोला काही."

म्हातारे विचारात पडले. बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. चांगली लांब, गडगडत जाणारी, शेवटी एक शीळ असलेली. उबळ थांबली तेव्हा रेकॉर्डिंग झालेलं होतं. म्हातारे ओशाळले. अक्का म्हणाल्या, "चाली. नाना, तुम्हना खोकला जमा."

आम्ही हसलो. त्या खोकल्यावर मी चार माणसांना विनोद सांगितले असतील. मग नरडाण्याच्या बाजारात एक बाई परातीवर नाव टाकून घेत उभी होती. शेजारची पोरगी अक्कांच्या फोनातलं काय काय वाजवून पाहत होती, त्यात तो खोकला वाजला. परातवाली बाई गर्रकन वळली.

"हाऊ मन्हा बापना खोकला शे."

लग्न होऊन ती नरडाण्याकडे आली होती. माहेरी रेंज नाही, सासरी सवड नाही. कधीपासून गेलेली नव्हती. तिनं तो खोकला पुन्हा लावायला सांगितला. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. "नाना शेतस अजून," ती म्हणाली. मग तिनं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं, आणि हसू गेलं. "ही शेवटनी शीळ नव्हती पहिले." परात तिथंच ठेवून ती जीपच्या दिशेनं गेली. म्हाताऱ्यांना तिनं धुळ्याला दवाखान्यात आणलं, बरं करून परत धाडलं. ती परात अक्कांनी तिच्यासाठी बाजूला ठेवली होती. नेताना ती बाई फोनजवळ वाकली आणि बापाच्या खोकल्याच्या बदल्यात तिनं काय दिलं, ते मला ऐकू आलं नाही. अक्कांनी मला ऐकू दिलंही नाही. म्हणाल्या, "ते नानासाठे शे."

अक्का साध्या होत्या, असं मी लिहिलं तर त्या वरून चिडतील. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना त्या कठोर होत्या. शेजारच्या प्लास्टिकवाल्याशी त्यांचं उघड वैर होतं. त्याचा एकही व्हिडिओ त्यांनी कधी घेतला नाही. आणि माझ्या मोठ्या शब्दांची त्या चेष्टा करायच्या. मी 'व्यवस्था' म्हटलं की विचारायच्या, "ती कोन व? बाजारले येस का?"

मग क्रशरचं प्रकरण निघालं.

अक्कांचं माहेर त्या टेकड्यांतलं. गावाचं गायरान एका उतारावर आहे. उन्हाळ्यात पाचोळा, पावसाळ्यानंतर गवत, आणि बाराही महिने शेळ्या. अक्कांची वहिनी तिथंच शेळ्या चारते. ज्या बायांच्या नावावर सातबारा नाही, त्यांचा तो सातबारा. तिथं खडीचा क्रशर बसवायचा म्हणून एक जण ग्रामपंचायतीचा ना हरकत ठराव मागत होता. ठराव ग्रामसभेत होणार. नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागली आणि गावाच्या मोबाइल ग्रुपवर पडली. नियम पाळला गेला. आता मला सांगा, ज्या वस्त्यांना रेंज नाही, त्यांनी तो ग्रुप कुठे पाहायचा? चिंचेच्या फांदीखाली? जमीन ज्यांची जाणार, त्यांच्यापर्यंत तारीख पोचणार नाही, अशा बेतानं सगळं कायदेशीर चाललं होतं.

माझ्या अंगाची आग झाली. मी बोलतं पत्रक करायचं ठरवलं. आमच्या गच्चीवर उभी राहून फोनमध्ये बोलले. गायरानाचा इतिहास, भांडवलाचं स्वरूप, आपली झोप. आवाज चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. आबांनी ऐकलं, त्यांचे डोळे भरले. मी ते घेऊन अक्कांकडे गेले.

अक्कांनी फोन तपेलीत ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये दोन गिऱ्हाइकं परत धाडली. संपल्यावर बराच वेळ एका झाकणावरचा डाग पुसत राहिल्या.

"कसं आहे?" मी विचारलं.

"भारी शे. मी भ्यायनू."

"मग?"

"तू भांडं काठोकाठ भरी दिन्हं, पोरी. त्या बायास्नी परत काही भरावं तर जागा कोठे शे?"

मला राग आला. पत्रक हे पत्रक असतं, म्हटलं, त्यात जागा कशाला सोडायची? त्या मशीन चालू करून कुणाच्या तरी कळशीवर नाव टाकू लागल्या. मी तिथंच पोत्यावर बसून राहिले. समोरून बाया येत होत्या, फोन ठेवत होत्या, घेत होत्या, देत होत्या. आबांचे सगळे कागद मला आठवले. इतक्या वर्षांचे. त्या कागदांवर खालपर्यंत मजकूर असायचा, समासातसुद्धा.

मी पुन्हा बोलले. या वेळी तिथंच, बाजाराच्या गलक्यात. ग्रामसभा अमुक दिवशी, अमुक वेळी, पंचायतीच्या ओट्यावर. गायरानावर क्रशर बसवायचं विचारणार आहेत. तुम्ही तिथं काय चारता? ते गेलं तर कुठे जाल? एवढं बोलून मी थांबले. अक्कांनी बोटानं खूण केली, अजून थोडं चालू राहू दे. मोकळी जागा. मग त्यांनी बंद केलं.

पुढच्या बाजारी उत्तरं आली.

ती मी कशी सांगू? एका बाईनं शेळ्यांची नावंच सांगितली होती, एकामागून एक, आणि शेवटी म्हटलं होतं, या कोठे जातीन ते माले सांगा. एकीनं नवऱ्यासमोर बोलता येत नाही म्हणून चुलीजवळ कुजबुजून दिलं होतं, मागे फोडणीचा आवाज. एक म्हातारी फक्त रागावली होती, कुणावर ते कळत नव्हतं, बहुधा माझ्यावर. मी त्या पोत्यावर बसून तपेलीत डोकं घालून ऐकत होते. विहिरीतून आवाज येत होता. पाणी होतं.

पण अक्कांचा कायदा सगळ्यांना सारखा होता, आणि घात तिथंच झाला. नरडाण्याच्या बाजारात पांढऱ्या शर्टातला एक माणूस आला. आईसाठी पातेलं घेतलं, नाव टाकून घेतलं, गोड बोलला. फोनातलं ग्रामसभेचं रेकॉर्डिंग त्यानं मागून घेतलं. अक्का म्हणाल्या, तुम्हीबी काही द्या. त्यानं दिलं. त्याच्या आवाजात होतं की ग्रामसभा पुढे ढकलली आहे, नवी तारीख मागाहून कळवू. अक्कांना वाटलं, तालुक्याचा माणूस आहे, कामाची खबर देतोय. दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याला त्यांनी ती वस्त्यांवरच्या बायांना दिली. आपल्या हातानं, तपेलीतून.

मी दुपारी पोचले तेव्हा एक बाई मला म्हणाली, "बरं व्हयनं, सभा लांबनी. परवा मन्ही भाची येनार शे."

सभा परवाच होती. मी पंचायतीतून खात्री करूनच आले होते. तो माणूस कोण, हे कळायला फार वेळ लागला नाही. क्रशरवाल्याच्या गाडीत लोकांनी त्याला पाहिलेलं होतं.

मी अक्कांवर ओरडले. पुसून टाका म्हटलं, आत्ताच्या आत्ता.

"पुशीन," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "पन मन्हा फोनमाईन पुसं म्हंजे त्या बायास्ना फोनमाईन पुसं का?"

बरोबर होतं. गेलेलं परत बोलावता येत नव्हतं. पुढचा बाजार आठवड्यानं. वस्त्यांवर जाणारी शेवटची जीप उभी होती आणि तिच्यात टेकड्यांवरच्या मोजक्याच बाया होत्या. बाकीच्या खोटी खबर घेऊन घरी गेल्या होत्या.

अक्कांनी मशीनवर फडकं टाकलं. तपेलीतला फोन काढला आणि तोंडाजवळ धरला. मी इतके महिने त्यांच्याजवळ बसत होते. सगळ्या खानदेशाचे आवाज त्या फोनात होते, पण त्यांचा स्वतःचा नव्हता. मी कधी म्हटलंच तर म्हणायच्या, मी भांडी विकस, मन्हं काय ऐकवानं. त्या दिवशी त्या बोलल्या.

"मी भांडेवाली बोली राहिनू. सभा लांबनी म्हनीसन जे गयं, ते खोटं शे. ते मन्हा फोनमाईन गयं, म्हनीसन मन्हं शे. ते मी परत लेस. सभा ठरेल दिनलेच शे. बठ्ठ्या या."

एवढंच. त्या जीपपाशी गेल्या. मी त्यांना चालताना क्वचितच पाहिलं होतं. गुडघे धरत, बाजूला झुकत चालायच्या. एकेका बाईच्या फोनात आपला आवाज घातला. सवयीनं एक बाई म्हणाली, "अक्का, थांबा, मी काही देस."

"आज काही नको," अक्का म्हणाल्या. "आज रिकामं चाली. फक्त पुढे दे."

ज्या बाईनं मास्तरांचे पाढे ठेवले, म्हाताऱ्याचा खोकला ठेवला, तिनं कायदा मोडला तो त्या एका दिवशी. ते बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

माझा विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या उजेडात मी स्कूटी काढली. एकेका वस्तीवर जाऊन सांगायचं ठरवलं होतं, जमेल तेवढं. पहिल्या वस्तीच्या अलीकडेच एक बाई बाभळीखाली शेळ्या घेऊन उभी होती. मी हेल्मेट काढून धापा टाकत सुरुवात केली, "ताई, सभा पुढे गेली असं जे..."

"आयकं ना," ती म्हणाली. "ठरेल दिनलेच शे. माले देवरानीनी दिन्हं. तिले दूधवालानी."

दुसऱ्या वस्तीवर एका अंगणात हळदीची गडबड चालू होती. मी आत शिरले तर ओट्यावर एक तपेली, तपेलीत फोन, आणि फोनातून अक्कांचा आवाज घुमत होता. मी भांडेवाली बोली राहिनू. तपेली अक्कांकडचीच होती, काठाजवळ नाव कोरलेलं. बाया हळद कुटताना ऐकत होत्या. मला पाहून कुणीतरी म्हणालं, "हाई त्यासनी पोरगी दिसस." मी नाही म्हटलं नाही. मला चहा मिळाला आणि मुंडावळ्या बांधायला बसवलं.

पुढच्या वस्तीवर मी गेलेच नाही. गरज नव्हती.

ग्रामसभेला पंचायतीचा ओटा पुरला नाही. मी भाषण लिहून नेलं होतं, ते पर्समध्येच राहिलं. ज्यांना येता आलं नाही, त्यांचे आवाज एकीनं तपेलीत फोन ठेवून सरपंचांच्या टेबलावर लावले. चुलीजवळची कुजबुज सगळ्यांनी ऐकली. ज्या नवऱ्यासमोर ती बोलली नव्हती, तोही तिथं उभा होता. त्यानं हात वर केला, गायरान द्यायचं नाही, या बाजूनं. ठराव झाला नाही. शेळ्या अजून तिथंच चरतात.

अक्का सभेला आल्या नव्हत्या. त्या दिवशी दुसरीकडे बाजार होता. मी धावत सांगायला गेले. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि म्हणाल्या, "बरं व्हयनं. आते बाजूले सरक, गिऱ्हाईक शे." पण माझ्या चहात त्या दिवशी साखर जास्त होती.

पांढऱ्या शर्टातला माणूस पुन्हा आला का, असं तुम्ही विचाराल. आला. पातेल्याला झाकण हवं होतं. अक्कांनी झाकण दिलं. त्याच्या भांड्यात साखर टाकली की नाही, हे मी मान उंच करून पाहिलं. टाकली. पण त्यानं फोन पुढे केला तेव्हा त्यांनी तपेलीवर हात ठेवला. "आते तुम्ही फक्त भांडी लेवा," असं त्याला म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच काळात अक्कांचे गुडघे गेले. मग आणखी काही निघालं. लेक जळगावला असते, ती येऊन त्यांना घेऊन गेली. ताडपत्रीच्या जागी प्लास्टिकवाला पसरला. मी दोनदा जळगावला जायचं ठरवलं आणि कामांत राहिलं.

एके दिवशी मला फोन आला. अनोळखी नंबर. "तुम्ही शाळांवर पत्रक काढलं होतं का? आईच्या पेल्यांना गुंडाळलेलं आहे. खाली नंबर होता." त्यांची लेक होती. अक्का गेल्या होत्या. दिवसही होऊन गेले होते. आईच्या सामानात बाजारातल्या ओळखीचं असं तिला काहीच सापडलं नव्हतं, त्या जाड कागदाशिवाय. माझ्या छापील पत्रकाला आलेलं ते पहिलं उत्तर.

मी जळगावला गेले. लेक एका शाळेत कारकून आहे, नीटनेटकी, कमी बोलणारी. आईनं बाजारात बसणं तिला आवडत नसे, हे तिनंच सांगितलं. मग तिनं फोन पुढे केला. आईचं कुलूप तिला उघडता येत नव्हतं, म्हणून दुकानात दिला होता. दुकानदारानं उघडून दिला, पण आतलं सगळं पुसलं गेलं. "आईचा आवाज असेल म्हणून दिला होता हो," ती म्हणाली. "काहीच राहिलं नाही."

मी तो हातात घेतला. तीच तडकलेली काच, तेच रबर. आत काही नाही. अक्कांचा फोन रिकामा, ही गोष्ट मला सोसली नाही. मी तिला म्हटलं, "मला हा पुढच्या महिन्यापर्यंत द्याल का?"

सोनगीर, नरडाणा, दोंडाईचा. मी बाजारात एक तपेली घेऊन उभी राहिले आणि सांगितलं, अक्कांचा फोन रिकामा झालाय. मला दुसरं काही बोलावं लागलं नाही. बायांनी आपापले फोन काढले. पहिल्याच बाजारी खोकला परत आला. मग मोटरसायकल आली, शेळ्यांची नावं आली. मास्तरांचे पाढेसुद्धा आले. म्हणजे कुणीतरी घेतलेच होते. आणि त्यांचा स्वतःचा आवाज तर इतक्या जणींकडे होता की शेवटी मी पुरे म्हटलं. ज्यांनी आयुष्यभर सगळ्यांना सगळं देऊन ठेवलं, त्यांचं हरवणार तरी कुठे?

प्लास्टिकवाल्यानंही काहीतरी दिलं. मी ते ठेवलं आहे. अक्का मला रागावतील.

जळगावला गेले तेव्हा लेकीनं फोन स्वयंपाकघरातल्या तपेलीत ठेवला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणी घरात रेडिओ तसाच ठेवत असतील. मी भांडेवाली बोली राहिनू. ते मन्हा फोनमाईन गयं, म्हनीसन मन्हं शे. तिनं उभ्यानंच ऐकलं, ओट्याला धरून. पुन्हा लावलं. आवाज थांबल्यावर जी मोकळी जागा होती, तीही ऐकली.

मी निघाले तेव्हा म्हणाली, थांबा. आतून मशीन घेऊन आली. धूळ पुसली, बॅटरी जोडली. तिनं ते कधी चालवलं नव्हतं. तपेली पालथी करून गुडघ्यात धरली आणि नाव टाकायला लागली. घर्रर्र आवाज झाला, सुई घसरली, अक्षरं तिरकी गेली. सगळ्या खानदेशाची नावं कोरणाऱ्या बाईच्या स्वतःच्या एकाही भांड्यावर नाव नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आणि हेही, की अक्कांचं नाव मी त्या क्षणी पहिल्यांदा वाचत होते.

लेकीनं तपेली सुलटी केली, डब्यात दोन बोटं बुडवली, आणि मग माझ्या हातात दिली.

ती तपेली आता माझ्या टेबलावर आहे. माझा फोन तिच्यातच असतो. आबा येता-जाता खोकला लावतात आणि हसतात. अक्कांचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. वाचायचं असेल तर धुळ्याला घरी या. येताना फोन आणा, आणि त्यात काहीतरी घेऊन या.